राजगड ते तोरणा : धारेवरची वाट आणि आपली मुले

डोंगर चढून काय मिळते, असा प्रश्न गेल्या काही आठवड्यांत दौंड आणि शिरूर या दोन्ही तालुक्यांतल्या अनेक बंधुभगिनींनी आम्हाला विचारला. काहींनी थट्टेने विचारला, काहींनी काळजीने, तर एका वडीलधाऱ्या उपासकांनी रागानेच विचारला. त्यांचे म्हणणे असे, की आपल्या मुलांनी परीक्षा द्याव्यात, नोकऱ्या शोधाव्यात, आईबापांच्या डोक्यावरचे कर्ज फेडावे. डोंगर चढण्याचे चोचले ज्यांची पोटे पिढ्यान्‌पिढ्या भरलेली आहेत त्यांनी करावेत. प्रश्न रास्त आहे. विहाराच्या दारात उभ्या उभ्या दोन वाक्यांत उत्तर देऊन तो सुटणारा नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

हकीकत अशी. यंदा प्रजासत्ताक दिनाच्या आधीच्या रविवारी आपल्या दोन तालुक्यांतल्या सतरा जणांची तुकडी राजगड चढली, तेथून डोंगराच्या धारेने तोरण्याकडे निघाली आणि त्याच संध्याकाळी वेल्ह्यात उतरली. त्यात नऊ मुलगे, पाच मुली, एका मुलीची आई, दौंडचे एक निवृत्त रेल्वे गँगमन आणि आम्ही. यांतल्या बहुतेकांनी त्याआधी गडावर पाय ठेवला नव्हता.

या बेताचा उगम पेरणे फाट्यावर झाला. १ जानेवारीला विजयस्तंभाला मानवंदना देण्यास येणाऱ्या बांधवांना पाणी देण्याचे काम ही मुले दरवर्षी करतात. त्या रात्री काम आटोपल्यावर बोलता बोलता १८१८ सालची गोष्ट निघाली. त्या लढाईतली पलटण आमच्या शिरूरच्या छावणीतूनच निघाली होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या संध्याकाळी निघून, रात्रभर चालून ती सकाळी भीमेकाठी कोरेगावला पोहोचली, आणि त्यानंतर अन्नपाण्यावाचून दिवसभर लढली. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब स्वतः या स्तंभापाशी आले, हेही मुलांना ठाऊक होते. पण त्या रात्रीच्या चालण्याकडे कुणाचे लक्ष गेले नव्हते. परिचारिकेचा अभ्यासक्रम करणारी एक मुलगी म्हणाली, "काका, ती माणसं एका रात्रीत चाळीस किलोमीटर चालली. आपल्याला विहारापासून स्टँडपर्यंत रिक्षा लागते!" सगळे हसले, पण बोलणे मुलांच्या मनाला लागले. तेथेच ठरले, की या महिन्यात एक अवघड वाट चालायची.

आमचे तालुके सपाटीचे. भीमा आणि घोड या नद्यांच्या काठी ऊस, कांदा आणि ज्वारी पाहत वाढलेली आमची मुले. दौंडची उंची समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या आसपास, तर तोरणा १४०३ मीटर, म्हणजे पुणे जिल्ह्यातला सर्वांत उंच किल्ला. सरावासाठी यवतजवळचा भुलेश्वराचा डोंगर निवडला. दोन रविवार मुलांनी पाठीवर पाण्याच्या बाटल्या घेऊन तो चढला आणि उतरला. चढण्यापेक्षा उतरताना गुडघे बोलतात, हा पहिला धडा तेथे मिळाला.

खरी अडचण डोंगराची नव्हती, परवानगीची होती. मुलग्यांना घरून कुणी काही विचारले नाही. मुलींच्या घरी मात्र आम्हाला दोन-दोन वेळा जावे लागले. एका मातेने चहा देताना स्पष्ट सांगितले, "पोरगी पाठवते, पन मी बरुबर येनार." या मावशी शेतमजुरी करतात, वय पन्नाशीच्या घरात. तुम्हाला झेपेल का, असे विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "दिसभर वाकून कांदं काढते ते झेपतंय, आन्‌ सरळ उभं ऱ्हाऊन चालायचं झेपायचं न्हाई व्हय?" यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्यांच्यासाठी बूट शोधले. त्यांच्या मापाचे शाळेचे कापडी बूट मिळाले.

शनिवारी दुपारी दौंडची मंडळी रेल्वेने आणि शिरूरची एसटीने पुण्यात आली. तेथून भाड्याच्या गाडीने सातारा रस्त्याने नसरापूर आणि पुढे राजगडाचा पायथा. वाटेतला एक प्रसंग सांगणे अगत्याचे आहे. एका ठिकाणी रात्रीच्या जेवणाची चौकशी केली. यजमानांनी माणसे किती ते विचारले, मग गाव विचारले, आणि मग दोघातिघांची आडनावे विचारली. आडनावे ऐकल्यावर त्यांना एकाएकी आठवले, की ताटे कमी आहेत. तुम्हाला पत्रावळीवर वाढू. त्याच ओसरीवर दुसरे पाहुणे स्टीलच्या ताटांत जेवत होते. आमचे गँगमन बाबा शांतपणे म्हणाले, "पत्रावळीला आमची ना नाही. पन मग समद्यांला पत्रावळ. त्या पाव्हन्यांलाबी." यजमान घुटमळले. बाबांनी जयभीम घातला आणि आम्ही उठलो. त्या ठिकाणाचे नाव आम्ही मुद्दाम लिहीत नाही, कारण ते नाव आपल्या ओळखीच्या कोणत्याही गावाचे असू शकते. त्याच रात्री पायथ्याच्या एका घराने काही न विचारता पडवी दिली, पिठले-भाकरी दिली, आणि त्या घरातल्या आजी मावशींशी रात्री उशिरापर्यंत कांद्याच्या भावावर बोलत बसल्या. दोन्ही घरे महाराष्ट्रातलीच. मुलांनी दोन्ही लक्षात ठेवावीत, असे आम्ही त्यांना सांगितले.

पहाटे चार वाजता विजेऱ्या घेऊन निघालो. गुंजवण्याच्या बाजूने चोर दरवाजाची वाट चढते. शेवटच्या टप्प्यात उभा कातळ आहे, तेथे लोखंडी कठडे बसवलेले आहेत. अंधारात दरी दिसत नव्हती, हे एका परीने बरेच झाले. चोर दरवाजातून वाकून आत शिरलो आणि पद्मावती माचीवर आलो, तेव्हा पूर्वेला तांबडे फुटत होते.

राजगड पंचवीसहून अधिक वर्षे शिवरायांच्या राज्याची राजधानी होता. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत राजगड आहे. गडाचे हवालदार, सबनीस, कारखानीस यांची माहिती पुस्तकांतून वाचायला मिळते. पण गडाच्या घेऱ्यात, पायथ्याच्या रानात, पावसापाण्यात रात्रंदिवस जागता पहारा करणारे कोण होते? त्यांत महार, मांग, रामोशी, कोळी अशी माणसे होती. डोंगराच्या चोरवाटा त्यांना ठाऊक असत. गडाचा जीव त्यांच्या जागेपणावर होता. तेव्हा डोंगर हे आपले काम नव्हे, असे जे म्हणतात त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की आपले पूर्वज डोंगरात होतेच. फरक इतकाच, की ते पहाऱ्याला होते, मोळ्या वाहायला होते, पालखी उचलायला होते. आपल्या खुशीने, केवळ माथा पाहावा म्हणून डोंगर चढण्याची सवड त्यांना कुणी दिली नाही. ती सवड मिळणे हादेखील हक्कच आहे.

पद्मावती तळ्याच्या काठी शिदोरी सोडली. तेथे आम्ही मुलांना १९३४ सालचा दौलताबादचा प्रसंग सांगितला. बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले होते, वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायला थांबले. प्रवासाने सर्वांचे अंग धुळीने माखले होते. किल्ल्याच्या दाराशी पाण्याने भरलेले टाके होते. काहींनी तेथे हातपाय, तोंड धुतले. तेवढ्यावरून टाके बाटवले असा आरडाओरडा झाला, जमाव जमला, शिवीगाळ झाली. अखेर किल्ला पाहू दिला, पण आत कोठेही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर, आणि नजर ठेवायला हत्यारबंद शिपाई बरोबर देऊन. महाडच्या चवदार तळ्याला सात वर्षे उलटून गेली होती, बाबासाहेब गोलमेज परिषदा गाजवून आले होते, तरीही हे घडले. आणि ओरडणारे हिंदू नव्हते, मुसलमान होते. अस्पृश्यतेचा विटाळ एका धर्माच्या माणसांपुरता उरला नव्हता, हे बाबासाहेबांनी त्यावरून दाखवून दिले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या आठवणींत हा प्रसंग आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली त्या पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केल्या. ऐकून मुले गप्प झाली. मग पोलीस भरतीची तयारी करणारा शिरूरचा एक मुलगा उठला, तळ्याकाठी गेला आणि ओंजळीने तोंड धुऊन आला. काही बोलला नाही. एकेक करून सगळेच गेले.

संजीवनी माचीच्या दुहेरी तटबंदीतून चालत, अळू दरवाजाने बाहेर पडून धारेला लागलो. राजगड ते तोरणा ही वाट साधारण बारा किलोमीटरची. अंतर ऐकून कुणाला ते फार वाटणार नाही, पण ती सपाटीची वाट नव्हे. डोंगराची सोंड वर चढते, खाली उतरते, कोठे रुंद होते, तर कोठे इतकी अरुंद, की दोन्ही हातांना दरी. आपला सह्याद्री काळ्या बेसाल्टचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून तो झाला. त्यांतला कठीण थर कड्यासारखा उभा राहतो आणि मऊ थर झिजून त्याचा घसारा होतो. म्हणून ही धार जिन्यासारखी आहे. कातळाची पायरी, मग मुरमाचा उतार, पुन्हा कातळ. भाजे, कार्ले, बेडसे आणि जुन्नरची आपली लेणी याच दगडात कोरलेली आहेत.

निघताना पायथ्याच्या गावातला वाटाड्या तरुण बरोबर घेतला होता. त्याने दिलेले नियम येथे लिहून ठेवतो, कुणाच्या तरी उपयोगी पडतील. कातळावर दोन हात आणि दोन पाय या चारांपैकी तीन नेहमी टेकलेले असावेत, एका वेळी एकच हलवावा. दगडाला हात घालण्यापूर्वी तो हलवून पाहावा. वाळलेल्या गवताला आधार म्हणून कधी धरू नये आणि त्यावर पायही जपून टाकावा, कारण हिवाळ्यात ते तेल लावल्यासारखे घसरते. अवघड टप्पा उतरताना कातळाकडे तोंड करावे. घसाऱ्यावर एकामागे एक चिकटून चालू नये; वरच्याच्या पायाखालचा दगड खालच्याच्या डोक्यात जातो. आग्या मोहोळाच्या जवळ धूर, अत्तर आणि आरडाओरडा वर्ज्य. आणि पाणी माणशी किमान तीन लिटर, कारण धारेवर सावली नाही.

धारेच्या मध्यावर एक अरुंद जागा आली. पावलापुरती वाट, उजवीकडे सरळ उतार, डावीकडे कारवीचे वाळके रान, आणि मधे पुरुषभर उंचीची कातळाची पायरी. मुली चढून गेल्या. मावशी गेल्या. आणि तो शिरूरचा मुलगा, ज्याने सकाळी सर्वांच्या पुढे गड चढला होता, त्या पायरीवर अर्ध्यात थांबला. हात वर, एक पाय खोबणीत, आणि पुढे हालचाल नाही. चेहरा पांढरा पडला होता. पाय शिवणयंत्रासारखा थरथरू लागला. खालून एकाने हसत काहीतरी म्हटले. गँगमन बाबांनी त्याला एका नजरेत गप्प केले.

बाबांनी उभी हयात लोहमार्गावर काढलेली. ते खालून सावकाश म्हणाले, "पोरा, आमी पुलावरनं चालायचो. खाली नदी दिसायची. नवीन गडी नदीकडं बघायचा आन्‌ थिजायचा. आमचा मुकादम सांगायचा, नदी बघू नको, स्लीपर बघ. तुला किती स्लीपर दिसत्यात?" मुलाने उत्तर दिले नाही. तेव्हा ती परिचारिकेचे शिकणारी मुलगी वरून पोटावर आडवी झाली आणि म्हणाली, "दादा, माझ्या हाताकडं बघ. डाव्या पायाला गुडघ्याएवढ्या उंचीवर खाच आहे. तेवढीच बघ." वाटाड्याने वरून दोर सोडला. मागून मावशींचा आवाज आला, "आदी पाय ठिव. मन येतंय मागनं." चारपाच मिनिटे गेली असतील. मग त्याने पाय उचलला, खाच सापडली, आणि तो वर आला.

पुढे खिंडीत बसल्यावर तो बोलला. भरतीच्या मैदानी परीक्षेत तो दोनदा थोडक्यात राहिला आहे. दुसऱ्या वेळेपासून वडील त्याच्याशी धड बोलत नाहीत. "तिथं दगडाला धरून मला वाटलं, इथंबी मी नापास," तो म्हणाला. त्यावर ती मुलगी म्हणाली, "इथं परीक्षा घेणारा कुठंय?" तो हसला, आणि मग बराच वेळ मान खाली घालून बसला. कुणी त्याला छेडले नाही.

बंधूंनो, या ठिकाणी आम्ही थोडे थांबतो. आपल्या घरांत मुलग्यांना भीती वाटण्याची मुभा नाही. भीमाचा छावा, वाघाचा बच्चा अशी बिरुदे आपण त्यांना लहानपणापासून लावतो. हेतू चांगला असतो. शतकानुशतके मान खाली घालून जगलेल्या समाजाला ताठ उभे करायचे असते. पण ज्या मुलाला भीती वाटल्याचे घरी सांगता येत नाही, नापास झाल्याचे सांगता येत नाही, तो ते कोठे सांगणार? भगवान बुद्धांनी भीतीची लाज बाळगायला शिकवलेले नाही. सम्यक स्मृती म्हणजे आता, या क्षणी, मनात आणि शरीरात काय चालले आहे त्याचे भान. भीती आली तर ती आली हे ओळखावे, श्वास ओळखावा, आणि पुढची खाच शोधावी. विहारात आम्ही हे अनेकदा ऐकले होते. त्या मुलाच्या थरथरत्या पायात ते प्रत्यक्ष पाहिले. आणि त्याला कुणी ओढून वर घेतले नाही, हेही ध्यानात घ्यावे. दोर होता, शब्द होते, माणसे होती. पाय त्याने स्वतः उचलला.

खिंडीत धारेला डांबरी रस्ता आडवा जातो. तेथे तुकडीची विभागणी केली. एका मुलीला उन्हाने चक्कर येत होती, एका मुलाच्या टाचेला फोड आले होते, आणि बाबांचा गुडघा सुजला होता. हे तिघे गाडीने वेल्ह्याला गेले. थांबणे म्हणजे हरणे नव्हे, हे निघण्यापूर्वीच सर्वांना सांगून ठेवले होते, त्यामुळे कुणी रडले नाही. मोहिमेचा जादा दोर बाबांच्या खांद्यावर होता. तो त्यांनी त्या परिचारिकेच्या खांद्यावर दिला आणि म्हणाले, "गँग पुढं गेली पायजे." आम्ही चौदा जण पुढे निघालो.

तोरण्याकडचा चढ शेवटी शेवटी कस पाहतो. बुधला माचीच्या कातळाला लोखंडी शिडी आहे. त्याआधीच्या एका सपाटीवर डोंगरवस्तीवरची एक बाई ताक विकायला बसली होती. तिने गाव विचारले. दौंड-शिरूर ऐकून म्हणाली, "लांबनं आलाय." बस्‌. पुढचा प्रश्न आलाच नाही. मावशींनी तिला आपल्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी दिली, ती तिने भाकरीबरोबर तेथेच खाल्ली. डोंगरावर जात नसते, असा निष्कर्ष आम्ही यावरून काढत नाही. आदल्या रात्रीची ताटे आम्ही विसरलेलो नाही. पण ते ताक आम्हाला गोड लागले, हे नमूद करणेही न्यायाचे आहे.

दुपारी साडेतीनच्या सुमारास मेंगाई देवीच्या मंदिराजवळच्या सपाटीवर पोहोचलो. मागे वळून पाहिले, तर सकाळी सोडलेला राजगडाचा बालेकिल्ला दूर निळा दिसत होता, आणि मधली सगळी धार सापासारखी पसरली होती. मावशी बराच वेळ पाहत राहिल्या. मग लेकीला म्हणाल्या, "हे समदं आपन चाललो? खोटं न्हाई ना?"

येथे एक वाद झाला. दोन मुलांनी रंगाचा डबा आणला होता. माथ्यावरच्या कातळावर मोठ्या अक्षरांत जयभीम लिहायचे, अशी त्यांची इच्छा. इतरांनी किल्ल्यांवर आपापली नावे लिहिलेली असतात, मग आपले का नको, हा त्यांचा सवाल. आम्ही त्यांना सांगितले, की कार्ल्याच्या आणि जुन्नरच्या लेण्यांत दोन हजार वर्षांपूर्वीची नावे आजही वाचता येतात. पण ती कुणाची? कुणी खांब दान दिला, कुणी लेणे दिले, कुणी पाण्याची पोढी म्हणजे टाके खोदून दिले, त्यांची. त्यांत व्यापारी आहेत, कारागीर आहेत, भिक्खुणी आहेत. आपण या गडाला काय दिले आहे? ज्या नावाने कोट्यवधी माणसे उभी राहिली, त्या नावाला रंगाच्या डब्याची गरज नाही. मुले थोडा वेळ धुसफुसली, मग त्यांनीच गोण्या काढल्या. तासाभरात प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि खाऊच्या पिशव्यांनी दोन गोण्या भरल्या. निळा ध्वज हातात धरून एक छायाचित्र काढले आणि घडी करून पिशवीत ठेवला. त्रिशरण-पंचशील घेतले. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिनाच्या कार्यक्रमात म्हणायची म्हणून मुलींनी संविधानाची उद्देशिका पाठ केली होती, ती मोठ्याने म्हटली. आसपास बसलेले दुसऱ्या गावांचे पाचसहा तरुण आपणहून उठून उभे राहिले. मग बिनी दरवाजाने उतरून अंधार पडता पडता वेल्हे गाठले. दोन्ही गोण्या खाली आणल्या.

आता मूळ प्रश्नाकडे. डोंगर चढून काय मिळते?

जगाकडे पाहू. २९ मे १९५३ रोजी एव्हरेस्टवर पाऊल ठेवणाऱ्या दोघांपैकी तेनझिंग नोर्गे हे बौद्ध होते. १९३५ मध्ये ते गोऱ्या गिर्यारोहकांचे ओझे वाहणारे हमाल म्हणून प्रथम त्या पर्वतावर गेले होते. अठरा वर्षांनी माथ्यावर पोहोचले, तेव्हा त्यांनी बर्फात खळगा करून आपल्या श्रद्धेप्रमाणे खाऊची भेट ठेवली. २५ मे २०१४ रोजी तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या समाजकल्याण निवासी शाळांची दोन मुले एव्हरेस्टवर पोहोचली. मालावत पूर्णा ही आदिवासी शेतमजुरांची मुलगी, वय चौदाही पूर्ण नव्हते. तिच्याबरोबरचा आनंद कुमार दलित कुटुंबातला. मे २०१८ मध्ये आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांच्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी तेच शिखर गाठले. या मुलांना वसतिगृह मिळाले, शिक्षक मिळाले, सराव मिळाला, आणि कुणीतरी त्यांना जा म्हटले. बाकी सगळे त्यांच्या अंगात होतेच.

आमच्या मुलांनी एव्हरेस्ट चढला नाही. त्यांना जे मिळाले ते लहान आहे. पाच मुलींच्या घरी आता पुढच्या वेळी परवानगीसाठी दोनदा जावे लागणार नाही. मावशी परवा विहारात महिला मंडळापुढे पाच मिनिटे बोलल्या. यापूर्वी त्या सभेत कधी बोलल्या नव्हत्या. शिरूरच्या त्या मुलाने घरी जाऊन वडिलांना धारेवर आपण कसे थिजलो ते सांगितले. वडील काय म्हणाले, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, "काही नाही. पण जेवायला शेजारी बसले." भरतीचा निकाल काय लागायचा तो लागो.

मोहिमेचा जमाखर्च विहाराच्या फलकावर लावला आहे, सर्वांनी पाहावा. शिल्लक रकमेतून तीस मीटरचा चांगला दोर घेतला आहे. तो विहारात राहील आणि कोणत्याही गावच्या मुलांना सही करून नेता येईल. पावसाळ्यात धारेवर जाऊ नये; दगड शेवाळतो, वाट ढगात हरवते. पुढची वाट दिवाळीनंतर जुन्नरकडची, लेण्यांच्या डोंगराची ठरली आहे. ज्या मातापित्यांना आपल्या मुली पाठवायच्या आहेत त्यांनी महिला मंडळाकडे नावे द्यावीत, आणि ज्या मातांना स्वतः यायचे आहे त्यांनी बुटाचे माप सांगावे.